ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन नेमकं कुठे अडतं?

विचारणा अशी आहे: एका धर्मादाय संस्थेला एका गरीब देशातल्या सरकारी रुग्णालयाला मदत करायची आहे. तिथे न्यूरोसर्जन आहेत, पण ब्रेन ट्यूमरची ऑपरेशनं फार कमी होतात, आणि ज्यांची होतात त्यांच्यातलेही बरेच जण पुढे फार काळ जगत नाहीत. चांगला ऑपरेटिंग मायक्रोस्कोप (ऑपरेशन करताना आतला भाग मोठा करून दाखवणारं यंत्र) घेऊन दिला तर हे बदलेल का? बदलणार नसेल तर अडथळा आहे तरी कशात?

मी न्यूरोसर्जन आहे. माझी उमेदीची वर्षं साधनांची कायम ओढाताण असलेल्या रुग्णालयांत गेली. त्यामुळे उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. मायक्रोस्कोप उपयोगाचा आहे, पण सुरुवात त्याच्यापासून करू नका. ऑपरेशनच्या टेबलावर आम्ही जेवढे रुग्ण गमावतो, त्याहून कितीतरी जास्त रुग्ण टेबलापर्यंत पोचण्याआधी आणि टाके काढून घरी गेल्यानंतर गमावतो. या मृत्यूंची नोंद कुठल्याच वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये होत नाही, म्हणून ते कोणाला दिसत नाहीत आणि त्यांच्यासाठी कोणी देणगीही मागत नाही.

सर्जनांचा तुटवडा खरा आहे, तो नाकारत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दरवर्षी सुमारे ५० लाख रुग्णांना गरजेची असलेली न्यूरोसर्जरी मिळत नाही, आणि ही तूट भरायला आणखी सुमारे २३,३०० न्यूरोसर्जन लागतील. आकडा मोठा आहे. पण नुसता सर्जन वाढवला की ऑपरेशनं वाढतात, असं होत नाही. ज्या रुग्णालयात आठवड्यातला एकच दिवस थिएटर मिळतं, आयसीयूतल्या मोजक्या खाटा अपघाताच्या रुग्णांनी कायम भरलेल्या असतात आणि भूलतज्ज्ञ एकच असून सिझेरियनही त्यालाच बघायचं असतं, तिथे दुसरा सर्जन आला तर तोही त्याच रांगेत उभा राहतो. भूलतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने दर लाख लोकसंख्येमागे किमान ५ भूलतज्ज्ञ असावेत असं म्हटलं आहे. कित्येक देशांत दर लाखामागे एकही पडत नाही. ट्यूमरचं ऑपरेशन पुढे ढकललं जातं ते बहुतेक वेळा याच कारणाने. अपघाताची केस रात्री येते आणि रांगेत पुढे जाते, तिला जावंच लागतं. ट्यूमरचा रुग्ण ‘आज नाही, पुढच्या आठवड्यात’ ऐकत राहतो.

आता सुरुवातीपासून बघू. प्रसूतीतल्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी १९९४ मध्ये विलंबाचे तीन प्रकार मांडले: मदत घ्यायचं ठरवण्यातला, रुग्णालयापर्यंत पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. ब्रेन ट्यूमरला हीच मांडणी चपखल बसते. फक्त इथे चौथा विलंब जोडावा लागतो: ऑपरेशन झाल्यानंतरचा. त्याच्याकडे मी पुढे येतोच.

पहिल्या विलंबाचं सगळ्यात वाईट रूप लहान मुलांत दिसतं. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतं, उलटी होते, उलटी झाली की बरं वाटतं आणि दिवसभर मूल खेळतं. हे असं आठवडेच्या आठवडे चालतं. पोटाचं औषध होतं, जंताचं होतं, मग मूल तिरळं बघायला लागलं की चष्मा होतो, चाल बिघडली की ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिक. लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूच्या, तोल सांभाळणाऱ्या भागात वाढणारी गाठ मेंदूतल्या पाण्याची वाट अडवते, म्हणून ही लक्षणं येतात. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरने किंवा नर्सने एवढी साखळी ओळखली आणि ऑफ्थॅल्मोस्कोपने डोळ्याचा पडदा एकदा पाहिला, तर दृष्टीच्या नसेची सूज तिथेच दिसू शकते. अर्थात सूज दिसली नाही म्हणून गाठ नाही, असंही समजू नये. ब्रिटनमध्ये २०११ पासून मुलांच्या ब्रेन ट्यूमरच्या लक्षणांविषयी पालक आणि डॉक्टर दोघांसाठी मोहीम राबवली गेली. लक्षण सुरू होण्यापासून निदानापर्यंतचा मधला काळ पूर्वी १४ आठवड्यांच्या आसपास होता, तो २०१३ पर्यंत ७ आठवड्यांच्या खाली आला. तिथे स्कॅन मशीन आधीपासून होतीच. बदललं ते लक्षण ओळखणं. जिथे मशीन कमी आहेत तिथे लक्षण ओळखण्याची किंमत आणखी जास्त.

याच टप्प्यावर एका औषधाबद्दल सांगायला हवं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ते सुचत नाही. डेक्सामेथासोन स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं आणि ट्यूमरभोवतीची सूज एक-दोन दिवसांत उतरवतं. रुग्णाची डोकेदुखी जाते, लुळा पडत चाललेला हात हलू लागतो. घरच्यांना वाटतं, गुण आला. पुढच्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी खिशात राहते आणि गोळ्या चालू राहतात. काही आठवड्यांनी रुग्ण परत येतो तेव्हा गाठ वाढलेली असते, साखर चढलेली असते, चेहरा सुजलेला असतो आणि मांड्यांतली ताकद गेलेली असते. मेंदूतला लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) असेल तर डेक्सामुळे तो स्कॅनवरून तात्पुरता नाहीसाही होतो आणि मग बायोप्सीत, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीत, काही हाती लागत नाही. याचा अर्थ डेक्सा देऊ नये असा नाही. द्यावंच लागतं, त्याने जीव वाचतात. पण ते देताना ‘हा उपचार नाही, ऑपरेशनपर्यंत वेळ मिळावा म्हणून आहे’ हे वाक्य घरच्यांना समोर बसवून सांगावं लागतं, आणि चिठ्ठीवर पुढच्या तपासणीची तारीख घालावी लागते.

प्रवासाचा खर्च हा विषय देणगीदारांच्या चर्चेत शेवटी येतो, तो आधी यायला हवा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रियेवरच्या आयोगाने २०१५ मध्ये सांगितलं की जगातल्या ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया उपलब्ध नाही. तो आकडा सगळे सांगतात. त्याच अहवालातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: शस्त्रक्रिया आणि भुलेच्या बिलामुळे दरवर्षी ३ कोटी ३० लाख लोक आर्थिकदृष्ट्या कोलमडतात, आणि प्रवास, राहणं, खाणं अशा वैद्यकीय नसलेल्या खर्चामुळे आणखी ४ कोटी ८० लाख. म्हणजे ऑपरेशन फुकट केलं तरी अर्ध्याहून जास्त प्रश्न शिल्लक राहतो. ब्रेन ट्यूमरमध्ये हे अधिक जाचतं, कारण रुग्ण एकटा येऊ शकत नाही. फिट येते, दिसत नाही, नीट बोलता येत नाही. बरोबर एक कमावता माणूस लागतो आणि त्याची मजुरी बुडते.

थिएटरमधलं आता सांगतो. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा इथली परिस्थिती आशादायक आहे. ट्यूमरची बरीच ऑपरेशनं महागड्या यंत्रांशिवाय नीट होतात, फक्त कोणाचं ऑपरेशन आधी करायचं याचा विचार पक्का हवा. माझं ठाम मत असं आहे की साधनं अपुरी असतील तिथे पहिलं प्राधान्य ऑपरेशनने पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बऱ्या होणाऱ्या गाठींना द्यावं. मेंदूच्या पृष्ठभागावरचा साधा मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ), मुलांच्या लहान मेंदूतला हळू वाढणारा पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा, दृष्टीची नस दाबणारी, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ. हे लोक रेडिएशनशिवाय, केमोशिवाय वर्षानुवर्षं जगू शकतात. आणि पिट्युटरीच्या प्रत्येक गाठीला ऑपरेशन लागत नाही. रक्तातलं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तपासलं आणि ते खूप वाढलेलं निघालं तर कॅबरगोलिनच्या गोळीने गाठ आक्रसते. एका रक्ततपासणीने एक थिएटरचा दिवस वाचतो. तसंच, स्कॅनवर कडा चमकणारी प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. क्षयाची गाठ, न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूतल्या जंतांच्या गाठी), गळू, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवीचा संसर्ग हे सगळे गरीब देशांत भरपूर आहेत आणि औषधांनी किंवा छोट्या छिद्रातून पू काढून बरे होतात.

मेंदूच्या आतल्या ग्लायोमासाठी, म्हणजे मेंदूच्याच पेशींतून वाढणाऱ्या गाठीसाठी, रुग्णाला जागं ठेवून ऑपरेशन करण्याची पद्धत आहे. ती श्रीमंत रुग्णालयांची चैन आहे असा समज आहे, पण अडचणीच्या जागीच ती जास्त कामाला येते. डोक्याच्या कातडीतल्या नसा सुन्न केल्या, हलकं गुंगीचं औषध दिलं, की व्हेंटिलेटर लागत नाही, निवडक रुग्णांना आयसीयूची खाटही लागत नाही, आणि बोलण्याचा किंवा हाताचा भाग जवळ आला तर रुग्ण स्वतःच सांगतो. त्यासाठी संयमी भूलतज्ज्ञ आणि रुग्णाशी त्याच्याच भाषेत बोलत बसणारं कोणीतरी हवं. ऑपरेशन चालू असताना गाठीची कड शोधायला अल्ट्रासाउंडचा प्रोब चालतो. ऑपरेशनच्या खोलीतल्या एमआरआयच्या तुलनेत त्याचा खर्च नगण्य आहे. गाठ चमकवण्यासाठी वापरतात त्या महागड्या औषधाऐवजी डोळ्यांच्या तपासणीत वापरलं जाणारं फ्लुरेसिनही अनेक ठिकाणी वापरतात. मायक्रोस्कोपची जागा या टप्प्यावर आहे. पण तो देताना त्याबरोबर सुटे दिवे, निर्जंतुक आवरणं, विजेचा चढउतार सहन करणारा स्टॅबिलायझर आणि काही वर्षांचा दुरुस्तीचा करार द्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गरीब देशांतल्या रुग्णालयांतली जवळजवळ ४० टक्के वैद्यकीय उपकरणं बंद पडलेली आढळली होती. दुरुस्त करणारा तंत्रज्ञ नसणं, वापरणाऱ्याला प्रशिक्षण नसणं, विजेचा भरवसा नसणं ही त्यामागची नेहमीची कारणं. खोलीच्या कोपऱ्यात चादर टाकून ठेवलेला मायक्रोस्कोप मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. दिव्याचा बल्ब गेलेला असतो, एवढंच.

आता ऑपरेशननंतरचं बोलू. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच आहे.

गाठ काढली की तिचा तुकडा एका छोट्या बाटलीत घालतात. अनेक रुग्णालयांत ती बाटली नातेवाइकाच्या हातात देतात आणि ‘लॅबमध्ये नेऊन द्या’ म्हणून सांगतात. बाटलीवर पट्टी चिकटवलेली असते, त्यावर पेनाने लिहिलेलं नाव ओल्या हाताने पुसट होतं. आत फॉर्मॅलिन या पेशी टिकवणाऱ्या द्रवाऐवजी सलाइन असलं तर लॅबमध्ये पोचेपर्यंत पेशी सडतात आणि पॅथॉलॉजिस्टला (तुकडा तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरला) काहीच कळत नाही. फॉर्मॅलिन असलं तरी तुकड्याच्या निदान दसपट लागतं, नाहीतर आतपर्यंत पोचत नाही. आणि लॅबची फी भरायला पैसे नसले तर बाटली घरीच राहते. असा रुग्ण मी अनेकदा पाहिला आहे: डोक्यावरचा व्रण उत्तम भरलेला, ऑपरेशन नीट झालेलं, पण गाठ कसली होती हे कोणालाच माहीत नाही. पुढचा कुठलाही उपचार त्या एका कागदावर अवलंबून असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात ब्रेन ट्यूमरचं निदान बऱ्याच प्रमाणात जनुकीय तपासण्यांवर गेलं. विज्ञान म्हणून ते योग्यच आहे. पण जिथे साधी स्लाइड वेळेवर वाचली जात नाही तिथे यामुळे हताश व्हायचं कारण नाही. त्याच वर्गीकरणात तपासणी उपलब्ध नसेल तर तसं नोंदवून निदान देण्याची सोय ठेवलेली आहे. ग्लायोमाचा प्रकार ठरवणाऱ्या आयडीएच जनुकातले सुमारे ९० टक्के बदल स्लाइडला एकाच अँटिबॉडीचा रंग देऊन पकडता येतात, तिच्या जोडीला एटीआरएक्स या दुसऱ्या जनुकासाठीही तसाच रंग दिला तर प्रौढांमधल्या ग्लायोमांची मोठी वर्गवारी हाती येते. ऑपरेशन चालू असताना टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा दोन काचांमध्ये दाबून, रंगवून काही मिनिटांत ढोबळ निदानही देता येतं. त्याला काचपट्ट्या, रंग, सूक्ष्मदर्शक आणि शिकलेला डोळा एवढंच लागतं. तुमच्या संस्थेने एखादा पॅथॉलॉजिस्ट प्रशिक्षणाला पाठवला आणि अँटिबॉडीचा पुरवठा सलग ठेवला तर त्याचा परिणाम कुठल्याही यंत्राहून मोठा असेल.

पुढे रेडिएशन. मेड्युलोब्लास्टोमा हा मुलांमधला ट्यूमर ऑपरेशन, रेडिएशन आणि केमो या तिन्ही गोष्टी मिळाल्या तर बहुतेकदा बरा होतो. नेहमीच्या जोखमीच्या गटात चांगल्या केंद्रांत ५ वर्षं जगण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आहे. पण तीन वर्षांपेक्षा मोठ्या मुलाला ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं लागतं. रिपोर्ट यायलाच तेवढे दिवस गेले, मग रेडिएशनच्या रांगेत नाव लागलं, तर सर्जनने कितीही सफाईने गाठ काढली तरी ती परत येते. आफ्रिकेतल्या वीसहून अधिक देशांत रेडिएशनचं मशीनच नाही असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने रेज ऑफ होप हा कार्यक्रम २०२२ मध्ये सुरू करताना सांगितलं होतं. युगांडात २०१६ मध्ये देशातलं एकमेव कोबाल्ट मशीन (किरणोत्सर्गी कोबाल्टवर चालणारं रेडिएशनचं मशीन) कायमचं बंद पडलं आणि अख्खा देश रेडिएशनविना राहिला. कोबाल्टच्या स्रोताची ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते, म्हणून जुन्या मशीनवर प्रत्येक सिटिंग लांबत जातं आणि दिवसाला कमी रुग्ण होतात. नवा स्रोत आणायला पैसे आणि परवाने दोन्ही लागतात.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक ग्लायोमाचा रेडिएशनचा नेहमीचा कोर्स सहा आठवड्यांचा, ३० सिटिंगचा. वयस्क किंवा खूप अशक्त रुग्णांसाठी अणुऊर्जा संस्थेनेच एक चाचणी घेतली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन आठवड्यांच्या १५ सिटिंगऐवजी एका आठवड्यात ५ सिटिंग दिली तरी परिणामात उणेपणा आला नाही. आठ महिन्यांच्या आसपासच आयुष्य उरलं असेल तर त्यातले सहा आठवडे परक्या शहरातल्या धर्मशाळेत काढायचे की एक, हा प्रश्न त्या माणसासाठी फार मोठा आहे. छोट्या कोर्सने मशीनही मोकळं होतं. तरीही अनेक ठिकाणी सवयीने सरसकट मोठाच कोर्स लिहिला जातो. याच ट्यूमरवर टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाचा फायदा २००५ मध्ये सिद्ध झाला, निम्मे रुग्ण किती काळ जगतात तो आकडा १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेला. आता त्याची स्वस्त जेनेरिक मिळतात. औषध चांगलं आहे, पण घर विकून घ्यावं इतकं नाही, आणि हे सांगायचं धैर्य डॉक्टरमध्ये असायला हवं.

या सगळ्याला जोडणारा माणूस कोण? बहुतेक ठिकाणी कोणीच नसतो. सर्जनला वाटतं ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरतज्ज्ञ) बघेल, ऑन्कॉलॉजिस्टला रुग्ण आहे हेच माहीत नसतं, आणि नातेवाइकांना पुढे कुठल्या खिडकीवर जायचं ते कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून तुमच्या पैशांतून पहिली नेमणूक एका रुग्ण-समन्वयकाची करा. अनुभवी नर्स किंवा समाजसेविका चालेल. तिच्याकडे एक वही आणि एक फोन. वहीत प्रत्येक रुग्णाचं नाव, दोन फोन नंबर (एक शेजाऱ्याचा, कारण घरचा फोन बंद असतो), स्कॅनची तारीख, ऑपरेशनची, रिपोर्ट हातात आल्याची, रेडिएशन सुरू झाल्याची. तारीख उलटली की तिने फोन करायचा आणि ‘का आला नाहीत’ न विचारता ‘यायला काय अडचण आहे’ विचारायचं. भाड्याचे पैसे लागत असतील तर ते देण्याचा अधिकार तिला असावा, वरून सही न मागता. मुलांच्या कॅन्सरमध्ये मध्येच उपचार सोडून जाणं हे गरीब देशांतल्या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे; श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. २०३० पर्यंत हे प्रमाण जगभर किमान ६० टक्क्यांवर न्यायचं असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरवलं, आणि त्यासाठी निवडलेल्या सहा आजारांत लो-ग्रेड, म्हणजे हळू वाढणारा, ग्लायोमा आहे. रुग्णालयाने देणगी मागताना हा संदर्भ दिला तर सरकारी पातळीवरही दार उघडायला मदत होते.

रुग्णाला परत येणं किती अवघड आहे हे ऑपरेशन ठरवतानाही धरायला हवं. युगांडातल्या म्बाले इथे डोक्यात पाणी साचलेल्या बाळांसाठी शंटऐवजी (म्हणजे पाणी बाहेर वळवणाऱ्या नळीऐवजी) दुर्बिणीने नवी वाट करून देणारं ऑपरेशन रुजवलं गेलं, त्यामागे हाच विचार होता: शंट बंद पडला आणि आई दोन दिवसांच्या अंतरावर असली तर बाळ वाचत नाही. गाठीमुळे पाणी अडलेल्या योग्य रुग्णांतही तोच विचार करावा.

आणि बरे न होणारे रुग्ण. उशिरा येणाऱ्यांत त्यांचीच संख्या जास्त असते. त्यांच्यासाठी ‘आता काही करता येत नाही’ असं म्हणून कागद हातात देणं मला मान्य नाही. डोकेदुखीसाठी डेक्सा, फिटसाठी लेव्हेटिरॅसिटाम किंवा फेनिटॉइन, वेदनेसाठी मॉर्फिन, आणि घरी फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे शिकवलेली एक व्यक्ती. एवढ्याने शेवटचे महिने खूप सुसह्य होतात. पण २०१७ मधल्या दुसऱ्या एका लॅन्सेट आयोगाच्या हिशेबाने जगात दरवर्षी वाटल्या जाणाऱ्या, मॉर्फिनच्या मापात मोजलेल्या सुमारे २९८.५ टन अफूवर्गीय वेदनाशामकांपैकी सर्वांत गरीब देशांना जेमतेम ०.१ टन मिळतं. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन महाग नाही. अडतं ते परवान्यात, कुलपाच्या कपाटात आणि लिहून द्यायला घाबरणाऱ्या डॉक्टरांत. तेव्हा त्या रुग्णालयाशी पहिलं बोलणं कराल तेव्हा थिएटर पाहण्याबरोबर औषध भांडारातही जा, आणि मॉर्फिनचा परवाना कोणाच्या नावावर आहे, मागचा साठा कधी संपला आणि नवा कधी मागवला, हे विचारा.